अपुऱ्या रिव्हॉल्वरचे कूळ

अमेरिकेत एखादा वृद्ध गृहस्थ निवर्तला, त्याच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची मोजदाद होऊन लिलाव पुकारला गेला, की तळघरातल्या हत्यारांच्या पेटीशेजारी पुष्कळदा एक पुठ्ठ्याचे खोके निघते. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेली, कानशीचे ओरखडे अंगावर तसेच वागवणारी पितळी चौकट असते, झिलई न दिलेली राखाडी पोलादी नळी असते, आकारापेक्षा जाड ठेवलेली अक्रोडाच्या लाकडाची मूठ असते, आणि एका लहान पिशवीत चार-दोन स्क्रू व एखादी वाकडी स्प्रिंग असते. खोक्यावरचे नाव केव्हाच फाटून गेलेले असते, सोबतचा माहितीचा कागद हरवलेला असतो, आणि ज्याने हे काम पन्नास वर्षांपूर्वी हौसेने हाती घेतले व काही कारणाने अर्ध्यावर टाकले, तो आता सांगायला उरलेला नसतो. ज्याच्या वाट्याला हा ऐवज येतो त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की यातले हरवलेले भाग कोठे मिळतील. हा प्रश्न योग्य आहे, पण त्याची जागा दुसरी आहे. भाग शोधण्यापूर्वी वस्तू ओळखावी लागते. आणि या जातीच्या वस्तूत नमुन्याचे नाव कळले म्हणजे ओळख पटली असे होत नाही. कोणत्या कारखान्याने, कोणत्या साली ती घडवली हे कळल्यावाचून योग्य तो स्क्रूसुद्धा मिळत नाही, हे या प्रकरणात मला दाखवायचे आहे.

ही वस्तू मूळच्या ज्या शस्त्राची प्रतिकृती असते ते शस्त्र धातूच्या काडतुसाच्या आधीच्या काळातले. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागे. या रिव्हॉल्वरमध्ये तीच क्रिया नळीमागच्या फिरत्या दंडगोलाच्या प्रत्येक कप्प्यात करावी लागे, आणि प्रत्येक कप्प्याच्या पाठीमागे बसवलेल्या निपलवर, म्हणजे बारीक पोकळ बोंडीवर, आघाताने पेटणारी तांब्याची एक चिमुकली टोपी चढवावी लागे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग बंदुकीसाठी करून १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले नसते, तर ही टोपी आणि तिच्यावर उभी राहिलेली रिव्हॉल्वरची सारी कल्पना प्रत्यक्षात उतरली नसती. कनेटिकट संस्थानातील हार्टफर्ड गावच्या सॅम्युएल कोल्टने १८३५ मध्ये इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळवले. त्यातला कळीचा मुद्दा असा, की घोडा मागे ओढला की त्याच हालचालीने दंडगोल एक घर पुढे सरकावा आणि तेथे घट्ट अडकून राहावा. पॅटरसन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. १८४७ मध्ये कॅप्टन सॅम्युएल वॉकरच्या सूचनांनुसार बनवलेल्या अजस्र रिव्हॉल्वरची एक हजार नगांची सरकारी मागणी आली, आणि स्वतःचा कारखाना हाताशी नसल्यामुळे कोल्टने ती एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात पुरी करून घेतली. तेथून त्याचे दैव फिरले.

आपल्या खोक्यातली वस्तू बहुधा ज्या नमुन्याची नक्कल असते तो नमुना १८५१ चा ‘नेव्ही’. ०.३६ इंची, साडेसात इंच लांबीच्या अष्टकोनी नळीचा, आणि दंडगोलावर नौकायुद्धाचे चित्र कोरलेला. ते चित्र १६ मे १८४३ रोजी कँपेचीच्या समुद्रात टेक्सासच्या व मेक्सिकोच्या आरमारांत झालेल्या लढाईचे. कोरणारा वॉटरमन ऑर्म्सबी हा चलनी नोटांचे ठसे खोदणारा निष्णात कारागीर होता, आणि नोटेप्रमाणेच या चित्राचीही खोटी नक्कल कठीण जावी हा त्यामागचा एक हेतू. आज मात्र बहुतेक प्रतिकृतींवर तेच चित्र तीच तारीख मिरवीत असते, त्यामुळे ओळख पटवण्याच्या कामी त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. हार्टफर्ड येथे या नमुन्याचे सुमारे २,१५,००० नग निघाले. १८५३ ते १८५६ या काळात चाललेल्या लंडनच्या कारखान्यातून आणखी सुमारे ४२,००० नग बाहेर पडले, आणि तेथून क्रिमियाच्या रणांगणावर व पुढे १८५७ च्या उठावात हिंदुस्थानात लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ते आले. या शस्त्राचा आपल्या भूमीशी दुसराही एक संबंध आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा उत्तरेच्या सरकारला दारूसाठी लागणारा सोरा मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानातून, त्यातही बिहारातून, जात असे. त्याची खरेदी करण्यासाठी दारू बनवणाऱ्या द्यू पाँ घराण्यातील लॅमॉट द्यू पाँ लंडनला गेला, आणि इंग्लंडशी तंटा उभा राहताच तेथील सरकारने सोऱ्याची निर्गत काही काळ रोखून धरली. त्या युद्धातल्या गेटिझबर्गच्या लढाईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पाटण्याच्या नोनियांची, म्हणजे मातीतून सोरा काढणाऱ्या त्या जमातीची, आठवण क्वचितच ठेवली आहे.

या यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये येऊ घातली होती. जुन्या लढाया त्या त्या मैदानावर पुन्हा उभ्या करून दाखवण्याची हौस अमेरिकेत तेव्हा बळावली, आणि अस्सल कोल्ट हाताळून खराब करण्यापेक्षा नवी नक्कल वापरावी हा विचार व्हॅल फॉर्गेट या न्यू जर्सीच्या व्यापाऱ्याला सुचला. त्याने त्यासाठी इटलीची वाट धरली. उत्तर इटलीत ब्रेशियाच्या उत्तरेस मेल्ला नदीच्या खोऱ्यात गार्दोने वाल त्रोंपिया हे गाव आहे. वरच्या डोंगरांत लोखंडाच्या खाणी, खाली पाण्याच्या बळावर चालणारे हातोडे, अशा जोडीवर तेथे बंदुकीच्या नळ्या घडवण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला. बेरेत्ता घराण्याने १५२६ मध्ये व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्याचा व त्यांच्या मोबदल्यात २९६ दुकाते घेतल्याचा दस्तऐवज आजही उपलब्ध आहे. अशा ठिकाणी ग्रेगोरेल्ली व उबेर्ती यांच्या कारखान्यात १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फॉर्गेटच्या ‘नेव्ही आर्म्स’ या पेढीसाठी पहिले नग तयार झाले. एक पोलादी चौकटीचा, त्याला त्याने ‘यँक’ म्हटले. दुसरा पितळी चौकटीचा, तो ‘रेब’. पुढे आल्दो उबेर्तीचा स्वतंत्र कारखाना, जुझेप्पे पिएत्ताचा कारखाना, आर्मी सान मार्को, आर्मी सान पाओलो, असा मोठा गोतावळा त्या खोऱ्यात व आसपास वाढला. खुद्द कोल्ट कंपनीने १९७१ मध्ये आपला जुना नेव्ही पुन्हा बाजारात आणला, तेव्हा त्याचे ओतीव भाग इटलीहूनच आले होते.

अर्धवट तयार अवस्थेत हा माल विकण्याची वहिवाट पडली ती एका कायद्यामुळे. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे, आणि त्यांच्या ज्या प्रतिकृतींत नेहमीचे काडतूस चालत नाही अशा प्रतिकृती, ‘पुरातन’ या सदरात घातल्या व त्यांना बहुतेक संघराज्यीय निर्बंधांतून वगळले. त्यामुळे टेनेसीतील युनियन सिटी येथील ‘डिक्सी गन वर्क्स’ किंवा ‘कनेटिकट व्हॅली आर्म्स’ यांसारख्या पेढ्यांना हा जिन्नस टपालाने घरपोच पाठवता येऊ लागला. आणि घासणे, झिलई देणे, लाकूड आकारास आणणे ही कामे गिऱ्हाइकावर सोपवली म्हणजे किंमतही उतरे. १९७० ते १९९० या वीस वर्षांत अशी खोकी विपुल खपली. त्यांतली पुष्कळ पुरी झाली. पुष्कळ तळघरात गेली.

आता ओळखीकडे वळू. प्रथम चौकट पाहावी. दंडगोलाच्या माथ्यावरून आडवी पट्टी गेलेली नसेल, वरची बाजू उघडी असेल, आणि नळी एका आडव्या पोलादी पाचरीने मधल्या आसाला जखडलेली असेल, तर तो कोल्टचा वंश. दंडगोल चारी बाजूंनी बंदिस्त चौकटीत बसला असेल तर तो रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कारखान्याचा. रेमिंग्टनच्या या नमुन्याला बाजारात ‘१८५८’ म्हणतात, परंतु ते साल फोर्डाइस बील्सच्या पेटंटचे आहे, सप्टेंबर १८५८ चे. ज्याची नक्कल होते तो ‘न्यू मॉडेल आर्मी’ प्रत्यक्षात यादवी युद्धाच्या मध्यावर, १८६३ च्या सुमारास, आकारास आला. एवढा भेद मूलही करील. खरी परीक्षा पुढे आहे, कारण इटालियन कारखानदारांनी इतिहासापेक्षा गिऱ्हाइकाच्या मागणीला अधिक मान दिला, आणि जी शस्त्रे कधी अस्तित्वात नव्हती तीही ‘१८५१’ या शिक्क्याखाली विकली.

पितळी चौकट, अष्टकोनी नळी, आणि ०.४४ इंची भोक अशी वस्तू हाती आली तर ती कोणत्याही अस्सल शस्त्राची नक्कल नव्हे हे निश्चित समजावे. कोल्टचा नेव्ही ०.३६ चाच होता आणि त्याची चौकट लोखंडाची होती. पितळेसारख्या धातूची चौकट वापरली ती दक्षिणेकडील लोकांनी, लोखंडाच्या दुर्भिक्षामुळे: जॉर्जियातील ग्रिझवोल्डव्हिल येथे ग्रिझवोल्ड व गनिसन यांच्या कारखान्यात देवळांच्या घंटा वितळवून मिळवलेल्या कांशाच्या चौकटी बनत, त्यांवर गोल नळी चढे, भोक ०.३६ चेच असे, आणि सुमारे ३,६०० नग निघाल्यावर नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेने तो कारखाना जाळून टाकला. ०.४४ च्या तथाकथित नेव्हीचे बिंग दंडगोलच फोडतो. नेव्हीच्या चौकटीत सहा मोठे कप्पे मावत नाहीत, म्हणून दंडगोलाचा पुढचा भाग जाड आणि मागचा बारीक असा पायरीदार करावा लागतो. ही युक्ती कोल्टने १८६० च्या ‘आर्मी’ नमुन्यात योजली होती. १८५१ च्या नेव्हीत ती नव्हती. दंडगोलावरून बोट फिरवले तरी पायरी लागते. नळीचे भोक मोजताना मात्र मोजपट्टीवर न विसंबता व्हर्नियर कॅलिपर वापरावा, कारण ०.३६ आणि ०.४४ यांतील अंतर अवघे दोन मिलीमीटर आहे आणि नवख्या डोळ्याला ते फसवते.

नमुना कळला, कूळ अद्याप कळले नाही. त्यासाठी खुणा वाचाव्या लागतात. इटलीत बनलेली कोणतीही नळी सरकारी परीक्षाकेंद्रात दारूचा जादा बार उडवून तपासल्यावाचून विक्रीला जात नाही, आणि परीक्षेत उतरल्याचा शिक्का तिच्यावर उमटवतात. हा नियम अर्धवट विकल्या जाणाऱ्या नगांनाही लागू होता, म्हणून ज्या वस्तूवर विक्रेत्याचे नाव नाही, नमुन्याचा उल्लेख नाही, तिच्यावरही हे शिक्कामोर्तब सापडते. ठासणीचा दांडा खाली ओढावा आणि त्याच्याआड झाकलेला नळीचा तळ भिंगाखाली धरावा. चौकटीची उजवी बाजूही पाहावी. एका ढालीत तिरप्या ठेवलेल्या दोन बंदुका व वर तारा दिसला तर तो गार्दोनेचा शिक्का. त्याच्या जोडीला ‘पी’ आणि ‘एन’ ही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की परीक्षा काळ्या दारूने झाली असून दुसरी कोणतीही दारू या नळीत घालण्याची मुभा नाही. आणि जवळच एका चौकोनात वर्षाची खूण असते. १९५४ पासून ती रोमन अंकांत, दहापासून सुरू होते: रोमन वीस म्हणजे १९६४, रोमन सव्वीस म्हणजे १९७०, रोमन तीस म्हणजे १९७४. त्या अंकात १९४४ मिळवले की साल निघते. १९७५ पासून अक्षरांच्या जोड्या आल्या: ‘ए ए’ म्हणजे १९७५, ‘ए बी’ म्हणजे १९७६, ‘ए एफ’ म्हणजे १९८०. पुढे मात्र सावध राहावे, कारण ‘ए जी’ ही जोडी वापरलीच नाही आणि १९८१ ला थेट ‘ए एच’ आले; इटालियन वर्णमालेत नसलेली अक्षरेही वगळली गेली. बोटांवर मोजून साल काढणारे लोक नेमके येथे चुकतात.

कारखान्याची खूण याहून लहान असते. समभुज चौकोनात ‘एफ ए पी’ ही अक्षरे असली तर तो माल पिएत्ता बंधूंचा. ‘ए एस एम’ असेल तर आर्मी सान मार्कोचा. ‘जी यू’ असेल तर ग्रेगोरेल्ली व उबेर्ती यांच्या भागीदारीच्या काळातला, म्हणजे या सर्व प्रकरणाच्या आरंभीचा, आणि तो आढळला तर मालकाने अधिक जपावे. गार्दोनेचा शिक्का नसून मुकुटाखाली ‘ई एल जी’ ही अक्षरे असली तर वस्तू बेल्जियममधील लिएज येथे परीक्षिलेली आहे. तेथे ‘सांतोर’ या नावाने १८६० च्या आर्मीची जी नक्कल निघत असे ती माझ्या मते या साऱ्या प्रतिकृतींत सर्वांत निष्ठावान. अमेरिकन पेढीचे नाव नळीवर मोठ्या अक्षरांत असले तरी त्यावरून कारखाना ठरवू नये. एकाच पेढीने वेगवेगळ्या साली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल आपल्या नावाखाली विकलेला आहे.

कारखान्यावर मी एवढा भर का देतो? कोल्टच्या कीर्तीचा एक मोठा भाग या समजुतीवर उभा आहे, की त्याच्या कारखान्यात यंत्रांनी घडलेले भाग एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसत. यंत्रे होती, आणि ती एलायशा रूटसारख्या कल्पक माणसाने रचलेली होती. तरीही शेवटचा हात कानशीचाच असे. अस्सल कोल्टच्या चौकटीवर, नळीवर, दंडगोलावर, चापाच्या कड्यावर, मुठीच्या पाठीच्या पट्टीवर, इतकेच काय त्या बोटभर पाचरीवरही तोच क्रमांक ठोकलेला आढळतो. एकमेकांशी जुळवून बसवलेले भाग कारखान्याच्या गर्दीत विखुरले जाऊ नयेत म्हणून हा उपद्व्याप. ज्याच्या जागी कोणताही भाग चालतो त्याला क्रमांकाची गरज नसते. मूळ शस्त्राची ही गत, मग इटलीतील पाच-सहा स्वतंत्र कारखान्यांनी आपापल्या मापांनी केलेल्या नकलांविषयी काय सांगावे? एका सोयरिकीतल्या दोन घरांचे दागिने दिसायला सारखे, पण एका घरची बांगडी दुसऱ्या घरच्या हातात चढत नाही, तसा हा मामला आहे.

मूळ कोल्टचे आटे इंची. इटालियन मालाचे मेट्रिक, आणि निपलला बहुधा ६ मिलीमीटर व्यास व ०.७५ मिलीमीटर अंतराचे आटे. अस्सल कोल्टमध्ये मधल्या आसाचे टोक नळीखालच्या भोकाच्या तळाला टेकते, त्यामुळे पाचर किती ठोकली यावर नळी व दंडगोल यांमधील फट अवलंबून नसते. कित्येक इटालियन नकलांत ते टोक तळापर्यंत पोहोचतच नाही, आणि पाचर जितकी आत जाईल तितकी फट बदलते. म्हणून एका कारखान्याची पाचर दुसऱ्याच्या नळीत शिरली, तरी ती बसली असे म्हणता येत नाही. दंडगोल एकेक घर पुढे ढकलणारी पट्टी आणि त्याला जागच्या जागी धरणारी खिट्टी हे दोन भाग तर मुद्दाम किंचित मोठे करून विकले जातात, जाणत्या कारागिराने ते त्या एका नगापुरते जुळवून द्यावेत म्हणून. हे काम शिकाऊ हाताचे नाही. घोडा पूर्ण ओढला असताना कप्पा नळीच्या सरळ रेषेत आला नाही, तर गोळीचा एक पापुद्रा नळीच्या कडेवर कापला जाऊन शेजाऱ्याच्या डोळ्यात जाऊ शकतो.

भाग मिळण्याच्या दृष्टीने पाहता उबेर्ती आणि पिएत्ता हे दोन्ही कारखाने आजही चालू आहेत, उबेर्ती तर २००० पासून बेरेत्ताच्या छत्राखाली आहे. त्यामुळे त्यांचे स्क्रू, स्प्रिंगा, निपल, पाचरी अमेरिकेतील व युरोपातील विक्रेत्यांकडे नव्या मिळतात. तरीही पन्नास वर्षांपूर्वीच्या मालाची मापे आजच्या मालाशी तंतोतंत जुळतील असे गृहीत धरू नये, आणि मागणी नोंदवताना कारखान्याच्या नावाबरोबर चौकोनातले साल न चुकता कळवावे; जाणता विक्रेता ते स्वतःच विचारतो. आर्मी सान मार्को बंद पडला. त्याच्या मालासाठी दुसरा मोडका नग विकत घेऊन त्याचे भाग काढणे हाच बहुधा एकमेव मार्ग उरतो, आणि त्यात जो खर्च येतो तो तयार नवी प्रतिकृती घेण्याहून अधिक होऊ शकतो. व्यवहारी माणसाला हे पटणार नाही. परंतु बापाने किंवा आजोबाने हाती घेतलेले काम पुरे करण्याची इच्छा ज्याला आहे त्याला किमतीचा हिशेब सांगण्यात अर्थ नाही. पितळी चौकटीच्या ०.४४ नगाविषयी माझा सल्ला मात्र स्पष्ट आहे: तो भिंतीवर शोभेसाठी ठेवावा, कारण पितळ मऊ, बार मोठा, आणि वारंवारच्या धक्क्यांनी मधला आस चौकटीत सैल होत जातो.

हिंदुस्थानातील वाचकाने यातून हौसेची प्रेरणा घेऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तिचे सुटे भागही अंतर्भूत आहेत, आणि अमेरिकेत टपालाने येणारे हे खोके येथे परवान्यावाचून बाळगणे गुन्हा ठरू शकतो. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या लोकांपैकी कोणाला जुन्या घराच्या तळघरात असे खोके सापडले, तर त्याने आधी तेथील संस्थानाचा कायदा पाहावा, कारण संघराज्याने दिलेली सूट प्रत्येक संस्थान मान्य करतेच असे नाही. त्यानंतर खोक्यातला एकही स्क्रू, एकही कागदाचा कपटा फेकून देऊ नये. आणि कानस वा पॉलिशचे फडके हाती घेण्यापूर्वी नळीच्या तळाचे, चौकटीच्या दोन्ही बाजूंचे व दंडगोलाचे स्वच्छ फोटो काढून, प्रत्येक खूण कागदावर उतरवून घ्यावी. घासताना पुसली गेलेली वर्षाची खूण पुन्हा मिळत नाही.